देवीचा उजवा खांदा

गेल्या मंगळवारी सकाळी मुलीचा फोन आला. ती बंगळुरूला असते, आणि सकाळी आठच्या आत तिचा फोन येणं म्हणजे एकतर अंगात ताप, नाहीतर मनात काहीतरी दडवलेलं. यावेळी दुसरं निघालं. परदेशातल्या एका कंपनीनं तिला बोलावलंय. पद मोठं, राहायला घर, सगळंच भरभरून; फक्त शुक्रवारी संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचंय. एवढं एका दमात सांगून ती म्हणाली, "आई, आजी लावायची तसा कौल लाव ना."

मी म्हटलं, "तुझा देवावर कधीपासून विश्वास बसला?"

"विश्वासबिश्वास नाही गं. पण लाव."

मी आयुष्यभर हैदराबादेत मराठी शिकवली आणि माझीच पोरगी मला इंग्रजी अक्षरांत मराठी मेसेज पाठवते. देवनागरीतलं एक पान वाचायला तिला दोनदा पाणी प्यावं लागतं. तिला आजीची एकही गोष्ट धड सांगता येत नाही, पण कौल मात्र बरोब्बर आठवला. मी "बघते" म्हणून फोन ठेवला आणि स्वयंपाकघरातल्या देवाच्या कोनाड्यापुढं जाऊन उभी राहिले. देवीचा चांदीचा टाक आहे तिथंच होता. खाली डब्यात ज्वारी होती, करंड्यात कुंकू होतं. कशाचीच कमतरता नव्हती. पण आत्याबाई गेल्यापासून मी कौल लावलेला नाही, आणि त्याचं कारण मुलीला ठाऊक नाही.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांच्याकडं सासूला आत्याबाईच म्हणतात. परभणीकडचं शेतकरी घर; सासरे महसूल कचेरीत नोकरीला लागले तेव्हा दोघं हैदराबादला आले आणि अंबरपेठेत हे घर बांधून इथलेच झाले. येताना आत्याबाईंनी गावाकडून तीन गोष्टी आणल्या: ज्वारीची भाकरी, तोंडातली भाषा आणि कौल. पहिल्या दोन्हींत पुढं इथलं बरंच मिसळलं. भाकरीबरोबर गोंगुऱ्याची भाजी आली, बोलण्यात "हौ" आणि "नक्को" आले. कौलात मात्र त्यांनी कुणाला बोट घालू दिलं नाही.

कौल लावायचा म्हणजे असं. मंगळवारी सकाळी अंघोळ करून टाक ताम्हणात उभा करायचा, मागं तांब्याचा टेकू देऊन. ज्वारीचे दोन दाणे ओल्या कुंकवात बुडवून देवीच्या दोन खांद्यांवर एकेक चिकटवायचा. मग हात जोडून बसून राहायचं. कुंकू वाळलं की कुठला तरी एक दाणा सुटतो आणि ताम्हणात टिक्कन पडतो. उजव्या खांद्यावरचा पडला तर कर, डाव्यावरचा पडला तर करू नको. उजवा म्हणजे देवीचा उजवा. ती आपल्याकडं तोंड करून असते, म्हणजे तिचा उजवा खांदा बघणाऱ्याच्या डाव्या हाताला येतो. नवी सून म्हणून आले तेव्हा हे मला चारदा समजावून सांगावं लागलं होतं. माझं माहेर पुण्याचं, घरात देव होते पण असे प्रश्नोत्तरांना बसणारे नव्हते. मला हसू यायचं.

कौल ऊठसूट लावायचा नसे. एकदा नवऱ्यानं कूलर घ्यावा की नाही यासाठी कौल लावायला सांगितला, तर आत्याबाई म्हणाल्या, "ते देवीला कायला इचारतोस? दुकानदाराला इचार." अडचणीसाठीही नसे, दुखलं-खुपलं तर सरळ डॉक्टर. कौल फक्त एकाच गोष्टीसाठी. काहीतरी फार हवंहवंसं समोर आलं, पाय आपोआप तिकडं वळायला लागले, की आधी देवीला विचारायचं. "वाईट गोष्टीला माणूस आपणहून भितो," त्या म्हणायच्या. "गोड गोष्टीलाच इचारावं लागतं."

आणि खरी मेख पुढंच होती. दाणे लावण्याआधी तीन सकाळी देवीपुढं बसून आपल्याला ते का हवंय ते मोठ्यानं सांगायचं. मनातल्या मनात नाही. घरातल्या माणसांना ऐकू जाईल असं. तिन्ही दिवस कारण एकच पाहिजे. बदललं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. दाणे लावणार घरातली दुसरीच बाई. ज्याला हवंय त्यानं टाकाला हात लावायचा नाही.

सासऱ्यांची गोष्ट आत्याबाई दरवर्षी एकदा तरी सांगत. कचेरीतल्या कुणीतरी त्यांना मलकपेठच्या रेसकोर्सवरच्या एका घोड्याची पक्की खबर आणून दिली होती. घोडा येणार म्हणजे येणारच. सासरे हुरळले. आत्याबाई म्हणाल्या, हौ, लावू कौल, उद्या सकाळी देवीला कारण सांगा. दुसऱ्या दिवशी ते देवीपुढं हात जोडून उभे राहिले. मागं बायको, म्हातारी आई, दोन लेकरं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. शेवटी "पाणी तापलं का?" एवढंच विचारून ते अंघोळीला निघून गेले आणि रेसकोर्सचा विषय संपला. गंमत म्हणजे घोडा खरोखर पहिला आला. खबर देणारा माणूस पेढे घेऊन घरी आला होता. मी पहिल्यांदा ही गोष्ट ऐकली तेव्हा म्हटलं, "म्हणजे देवी चुकली की." आत्याबाईंनी माझ्याकडं अशी नजर टाकली, जशी मी वर्गातल्या ढ मुलाकडं टाकते. "घोडा हरंल असं देवी कुठं म्हणाली?"

हे सगळं मला करमणूक म्हणून ठीक होतं. वीसेक वर्षं मी ते लांबूनच पाहिलं. मग माझी पाळी आली.

मी ज्या मराठी शाळेत शिकवत होते तिची तेव्हा उतरती कळा लागली होती. वर्गात दहा-बारा मुलं. घरी मराठी बोलणारी, बाहेर तेलुगू आणि दख्खनी, आणि शाळा सुटली की मोबाइलवर इंग्रजी. धडा वाचायला सांगितला की हिंदीच्या अंदाजानं ठोकून देत. त्यांच्यासाठी मी छोट्या छोट्या गोष्टी लिहायला लागले होते, सोप्या शब्दांत, त्यांच्याच गल्ल्यांतल्या. त्यातल्या काही पुण्याच्या एका मुलांच्या मासिकाला पाठवल्या. त्या छापून आल्या. वर्षभरानं मासिकाकडून पत्र आलं: आमच्याकडं संपादक म्हणून याल का?

ते पत्र मी ओट्यापाशी उभ्यानं वाचलं आणि गॅसवरचं दूध उतू गेलं. आत्याबाई आतून ओरडल्या, पण मला ऐकू आलं ते नंतर. बावीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला मी म्हणून बोलावत होतं. कुणाची सून, कुणाची बायको, "वो मराठीवाली टीचर" असं नाही. आणि पुणं. जिथं दुकानाची पाटी मराठीत, भांडणही मराठीत. माझा भाऊ तिथं होता, राहायची सोय होती. मुलगी इंजिनिअरिंगला बंगळुरूच्या हॉस्टेलवर गेली होती. मला अडवायला कुणीच नव्हतं.

म्हणजे एक होतं. आत्याबाईंचे दोन्ही डोळे मोतीबिंदूनं धुरकटले होते. ऑपरेशनला त्या घाबरत आणि दर महिन्याला पुढं ढकलत. वाटाण्यातला किडका दाणा त्यांना दिसेनासा झाला होता, उंबरा पायानं चाचपून ओलांडत. नवरा बियाणांच्या कंपनीत, महिन्यातले पंधरा दिवस जिल्ह्यांत फिरतीवर. मी गेले तर त्या दिवसभर घरात एकट्या. शेजारच्या तेलुगू अम्मा होत्या, कामाला बाई होती, पण ते काही माझ्यासारखं नव्हे. हे मला दिसत होतं. दिसत होतं म्हणूनच मी ते कुणाशी बोलत नव्हते.

नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "आईला विचार." हा त्याचा जन्मभराचा तोडगा. आणि आत्याबाई म्हणाल्या, "देवीला इचारू."

मी मनात म्हटलं, घ्या, तीन दिवसांचा तर प्रश्न आहे.

पहिल्या सकाळी मी छान मांडणी केली. मराठी मुलांना चांगलं वाचायला मिळत नाही, मला त्यांच्यासाठी काम करायचंय वगैरे. शाळेच्या तपासनीसापुढं बोलावं तशी बोलले. आत्याबाई डोळे मिटून ऐकत होत्या. दुसऱ्या सकाळी मला वाटलं, कारण जरा कोरडं वाटतंय, म्हणून मी त्यात माझ्या आईचं आजारपण घातलं. आत्याबाईंनी डोळे उघडले. "काल आई नव्हती. उद्यापासून पहिला दिवस."

मी चिडले. पुढचे कितीतरी दिवस हेच. एका सकाळी मासिकाची परंपरा आली, एकदा मुलीच्या पुढच्या सोयीचा विषय आला, एकदा तर मी शाळा बंद पडणारच आहे असंही देवीला सांगून टाकलं. दरवेळी आत्याबाई शांतपणे म्हणत, "उद्या पहिला दिवस." मला त्या मुद्दाम छळतायत असं वाटायचं. नववा-दहावा दिवस असेल, मी पाटावर बसले आणि माझ्याकडं सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं. तेव्हा तोंडातून निघालं, "मला इथून जायचंय. मी बावीस वर्षं या घरात दुसऱ्यांचं बघतेय. मला एकदा माझं असं काहीतरी करायचंय, आणि ते इथं होत नाही."

म्हणून झाल्यावर माझं मलाच कसंसं झालं. ज्यांचं बघतेय त्या हातभर अंतरावर बसलेल्या. आत्याबाई हात टेकत उठल्या आणि चहा टाकायला गेल्या. दुसऱ्या दिवशी मी तेच सांगितलं. तिसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तर रडतच सांगितलं.

मंगळवारी कौल लागला. नवरा निजामाबादला गेलेला, घरात आम्ही दोघीच. आत्याबाईंनी बोटानं देवीचे खांदे चाचपले, दाणे कुंकवात बुडवून चिकटवले आणि हात जोडून बसल्या. बाहेर भाजीवाल्याची हाक चालली होती. मी टाकावरून नजर हलवली नाही. मला देवीची भीती वाटत नव्हती, मला दाण्यांची वाटत होती. बऱ्याच वेळानं टिक्कन आवाज झाला.

"कुठला पडला गं?" आत्याबाईंनी विचारलं.

माझ्या उजव्या हाताकडचा पडला होता. म्हणजे देवीचा डावा. मला ते लख्ख दिसत होतं आणि लख्ख कळत होतं. त्यात गोंधळाला जागाच नव्हती.

मी म्हटलं, "उजवा."

असं म्हणताना मी स्वतःला काय सांगत होते तेही आठवतं. उजवाच आहे की, माझ्या बाजूनं. खोटं कुठं बोलले? वर्गात मुलं अशी उत्तरं देतात तेव्हा मी त्यांना बाकावर उभं करते.

आत्याबाई म्हणाल्या, "हौ. जा मग." त्यांनी पुढं वाकून टाकावर राहिलेला दाणा बोटानं काढला, ताम्हणातला वेचला, दोन्ही दाणे नेहमीसारखे तुळशीच्या कुंडीत टाकले. मी तोवर भावाला फोन लावलासुद्धा होता.

निघायला आठवडा होता. त्या आठवड्यात मी घरात होते आणि नव्हते. कपाटं उपसली, वह्या बांधल्या, पिठाचे-मसाल्यांचे डबे भरून प्रत्येकावर काय आहे ते मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवलं. आत्याबाईंना ती अक्षरंही दिसणार नव्हती हे मला डबे लावून झाल्यावर सुचलं. सकाळी सकाळी त्या देवापुढं बसून काहीबाही म्हणत असत. स्तोत्र चाललंय असं समजून मी बॅगेच्या चेनशी झटत बसे.

पुण्यात मी सुखात होते. हे मी सरळ लिहिते, कारण इथं लोकांना काहीतरी अद्दल घडल्याचं ऐकायचं असतं. मला अद्दल घडली नाही. मासिकाची खोली दोन टेबलांची, पण खिडकीशी माझं टेबल होतं. गोष्टी निवडायच्या, चित्रकाराशी वाद घालायचा, मुलांची पत्रं वाचायची. एका मुलीनं गावाहून लिहिलं होतं की तुमचा अंक मी गोठ्यात बसून वाचते. ते पत्र मी महिनाभर पर्समध्ये ठेवलं.

पण देवापुढं मला बसवेना. भावाच्या घरी सकाळी वहिनी पूजा करायची आणि मी त्यावेळी मुद्दाम अंघोळीला जायचे. अंक उशिरा छापून आला की वाटायचं, झालं, देवीनं सुरुवात केली. माझा पाय मुरगळला तेव्हाही तेच. मग काहीच व्हायचं नाही, आणि त्यानं जास्त भीती वाटायची. आत्याबाई दर मंगळवारी फोन करायच्या. शेजारच्या अम्मा नंबर लावून द्यायच्या. बोलणं तेच, "बरं चाललंय नव्हं?" मी म्हणायचे, "हो, आत्याबाई." त्या म्हणायच्या, "मग झालं." फोन ठेवला की मला जेवण जात नसे.

सात-आठ महिन्यांनी त्या अचानक ऑपरेशनला तयार झाल्या. मी दहा दिवसांची रजा काढून आले. आधी एक डोळा झाला. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली, काळा चष्मा लागला, आणि घरी आल्यावर त्यांनी पहिली गोष्ट काय केली असेल तर सगळे कोनाडे, भांडी, माझं तोंड असं एकेक जवळ जाऊन पाहिलं. माझ्याकडं बघून म्हणाल्या, "वाळलीस." देवीच्या टाकाकडं बघून म्हणाल्या, "ही बघ, किती काळी पडलीय. कुणी सांगितलंच नाही मला."

म्हणून मी टाक घासायला बसले. बाहेरच्या पायरीवर, ऊन अंगावर घेत, रांगोळीची पूड आणि जुनं फडकं घेऊन. आत्याबाई काळा चष्मा लावून शेजारी खुर्चीत. घासता घासता माझा अंगठा देवीच्या डाव्या खांद्यावर आला आणि तिथंच राहिला. कुंकवाचा एक बारीक लाल कण नक्षीत अडकून बसला होता. तो निघेना. मी घासत राहिले, आणि मग मला मनातलं धरून ठेवता येईना.

"आत्याबाई," मी म्हटलं, "त्या दिवशी डावा पडला होता."

त्या रस्त्याकडं बघत होत्या. कितीतरी दिवसांनी त्यांना रस्ता दिसत होता. "ठावं हाय मला," त्या म्हणाल्या.

मला आधी वाटलं, त्यांना दुसरंच काहीतरी वाटतंय. "कौलाचं म्हणतेय मी. माझ्या कौलाचं."

"तेच की. राहिलेला दाणा म्याच काढला नव्हं का? उजव्या खांद्यावरचा काढला. मग पडला कुठला आसंल?"

इतकी साधी गोष्ट. वीस वर्षं मी त्यांना राहिलेला दाणा काढताना पाहिलं होतं, आणि त्या दिवशी समोर बसून ते माझ्या डोक्यातही आलं नाही. माझी मान खाली गेली. रागही आला, त्यांचाच. मी म्हटलं, "हातानं कळत होतं तर मला विचारलंत कशाला?"

"घरात डोळस माणूस आसताना चाचपत कायला बसू?"

"मग जाऊ कशाला दिलंत? तेव्हाच सांगायचं, खोटं बोलतेस म्हणून."

आत्याबाईंनी चष्मा नाकावर सारखा केला. "सांगणारच होते," त्या म्हणाल्या. "लई मनात आलं. चोरी तर धरली होती तुझी. एक शब्द बोलले आसते तर तू बॅगा सोडून गप बसली आसतीस जलमभर. चांगलंच सापडलं होतं हाती. म्हणून म्हटलं, आधी देवीला इचारावं."

मला कळायला वेळ लागला. माझ्यासमोर पुणं आलं होतं तसं त्यांच्यासमोर हे आलं होतं. त्यांना मी घरात हवी होते, फार हवी होते, आणि मला अडवण्याची गोष्ट आयती पदरात पडली होती. गोड गोष्टीलाच विचारावं लागतं, हे त्यांनी स्वतःला लावलं होतं.

"कधी लावलात कौल?"

"तू निघायच्या आदल्या दिशी. मंगळवार नव्हता, पर देवीला म्हटलं, घे सांभाळून. सुनेला आडवू का, आसं इचारलं. लावायला दुसरं कोण व्हतं? माझ्या हातानंच लावला. टिक्कन वाजलं, मग बोटानं बघितलं. उजवा जागेवर व्हता. नक्को म्हणाली."

"आणि आधीचे तीन दिवस?"

"बसले की. रीत ती रीत."

ती स्तोत्रं. मी बॅगेच्या चेनशी झटत होते आणि त्या तीन सकाळी आत बसून आपल्याला सून घरात का हवीय ते देवीला सांगत होत्या. मी त्यांच्याकडं पाहिलं. काळ्या चष्म्यामागं काय होतं ते दिसत नव्हतं. मी विचारलं, "काय सांगितलंत देवीला?"

"मोठ्यानंच सांगितलं होतं," आत्याबाई म्हणाल्या. "तू ऐकलं नाहीस."

त्यांच्या आवाजात टोचणी नव्हती. असती तर बरं झालं असतं. मी पुन्हा विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "झालं ते आता. कौल लागल्यावर कारण काढायचं नसतं," आणि शेजारच्या अम्मांना हाक मारून नवा डोळा दाखवायला गेल्या. मी पायरीवर टाक घेऊन बसून राहिले आणि बरंच रडले. फडक्यानंच डोळे पुसले, तर सगळ्या तोंडाला रांगोळी लागली.

त्यांनी काय सांगितलं असेल याचा अंदाज मला करता येत नाही असं नाही. म्हातारं माणूस, डोळ्यांपुढं धुकं, मुलगा फिरतीवर, घरात दिवसभर कुणी नाही. पण तो माझा अंदाज झाला. त्यांचे शब्द तीन सकाळी या घरात मोठ्यानं उच्चारले गेले, मी तीन पावलांवर होते, आणि मला त्यातला एकही आठवत नाही. चेनचा आवाज मात्र आठवतो.

मी लगेच परत आले नाही. हेही सरळ लिहिते. आत्याबाईंनीच जाऊ दिलं, म्हणाल्या, हातातलं काम अर्धं टाकू नको. वर्षभर आणखी पुण्यात राहिले, मग मासिक दुसऱ्या हातात देऊन आपणहून आले. शाळेनं पुन्हा घेतलं. मुलं तोवर आणखी कमी झाली होती. देवीचं "नको" बरोबर होतं की चूक, ते मला अजून सांगता येत नाही. कदाचित देवी मासिकाबद्दल काही म्हणतच नव्हती. पुढं पाच वर्षं आत्याबाई होत्या. त्या पाच वर्षांत त्या देवापुढं बसून काहीही पुटपुटल्या तरी मी हातातलं काम ठेवून दाराशी उभी राहायचे. त्या बहुतेक वेळा खरोखरच स्तोत्र म्हणत असायच्या. एकदा तर नुसत्या कामवालीबद्दल तक्रार करत होत्या. मला बघून म्हणाल्या, "काय गं, दूध ठेवलंयस नव्हं गॅसवर?"

दूध उतू जात होतंच.

तर मुलीचा फोन. तासाभरानं मी तिला उलटा फोन केला, चित्रासकट. म्हटलं, कौल लावीन, पण मंगळवार आजच आहे, पुढच्यापर्यंत थांबता येणार नाही. देवीला म्हणू, घे सांभाळून, शुक्रवारी लावू. आधी तीन सकाळी कारण सांगायचं. आज, उद्या, परवा. मोठ्यानं. तिन्ही दिवस तेच ते. बदललं तर कंपनीला कळव की वेळ वाढवून द्या.

"आई, सीरियसली? मला नऊला मीटिंग आहे."

"मग पटकन सांग."

मी फोन तांब्याला टेकवून कोनाड्यापुढं उभा केला, कॅमेरा देवीकडं. तिच्या पडद्यावर टाक दिसायला लागला. ती म्हणाली, "ओके. आणि उजवा म्हणजे हा ना, माझ्या उजव्या हाताचा?"

"नाही," मी म्हटलं. "देवीचा उजवा. तुझ्या डाव्या हाताकडचा. नीट बघून ठेव, आणि शुक्रवारी पडला की मला विचारू नको, मीपण तुला विचारणार नाही. दोघी बघू."

मग तिनं सुरुवात केली. करिअर, ग्रोथ, एक्स्पोजर, असं काय काय. छान मांडणी होती. उद्या यातलं अर्धं बदलेल हे मला ऐकतानाच कळत होतं. मध्येच गॅसवरच्या कुकरची शिट्टी झाली, तशी मी उठले, गॅस बंद केला आणि पुन्हा येऊन पाटावर बसले.

"आई, आहेस का? ऐकतेयस ना?"

"ऐकतेय," मी म्हटलं. "जरा मोठ्यानं सांग."